गोंडराजाची सनद आणि जर्मनीचा करार

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात सामंजस्य करार झाला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण-तरुणींना तेथे रोजगार मिळवून देण्याचे ठरले. परिचारिका, प्रयोगशाळा साहाय्यक, वीजतंत्री, सुतार, रंगारी, अवजड वाहनांचे चालक, उपाहारगृहातील सेवक अशी व्यवसायांची लांबलचक यादी निघाली. जुलैमध्ये शासननिर्णय झाला आणि जर्मन भाषेच्या वर्गांची योजना जाहीर झाली. धानाच्या दोन-तीन एकरांवर ज्यांचे भागत नाही आणि नागपूर, पुणे, हैदराबाद यांच्या वाऱ्या करूनही ज्यांच्या हाती कायम नोकरी लागत नाही, अशा भंडारा जिल्ह्यातील घरांनी या बातमीकडे आशेने पाहिले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. करार स्वागतार्ह आहे. पण या योजनेची सरकारी परिभाषा मात्र मनाला खटकते. तिला म्हणतात ‘कुशल मनुष्यबळाचा पुरवठा’!

पुरवठा तुमसरच्या तांदळाचा होतो. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघणाऱ्या मँगनीजचा होतो. वॅगन भरली, पावती फाडली, की पुरवठादाराचे काम संपते. माणसाच्या बाबतीत मात्र खरे काम तो उतरतो त्या स्थानकावर सुरू होते. तेथे त्याला घर कोण शोधून देणार? भाषा अडली तर डॉक्टरकडे त्याच्याबरोबर कोण जाणार? पदवीला तेथे मान्यता मिळेपर्यंत त्याने खायचे काय? पत्नी आणि मुले मागाहून कधी येणार? यांची उत्तरे करारात नसतील, तर तो पुरवठाच ठरेल, मग त्यावर दोन्ही राज्यांच्या मुद्रा कितीही ठसठशीत उमटलेल्या असोत.

याच प्रश्नांची उत्तरे उलट दिशेने येणाऱ्या माणसासाठी किती चोख दिली जातात, ते पाहण्यासारखे आहे. पुण्या-मुंबईत एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीचा परदेशी अधिकारी रुजू होतो, तेव्हा त्याच्या येण्याआधीच त्याचे घर ठरलेले असते. मुलांचा प्रवेश आंतरराष्ट्रीय शाळेत झालेला असतो. सामान जहाजाने येते, भाडे कंपनी देते. परकीय नागरिक म्हणून करावयाची नोंदणी, बँकेतील खाते, चालकासह मोटार या सर्वांची व्यवस्था लावणाऱ्या स्वतंत्र संस्थाच असतात आणि त्यांचे शुल्क कंपनी भरते. भारत सरकारही नियमांत मागे नाही. परदेशी नोकरदाराला रोजगार-व्हिसा देताना त्याच्या वेतनाची किमान मर्यादा सरकारने घालून दिली आहे. हेतू असा, की स्वस्त मजूर म्हणून कोणी येथे आणला जाऊ नये. त्या मर्यादेतून काही जणांना सूट आहे आणि त्यांत परदेशी पदार्थ रांधणारा आचारीही आहे! पाहुण्याच्या ताटाची इतकी काळजी वाहणाऱ्या देशाला आपल्या मुलाच्या ताटाचा प्रश्न समोरच्यापुढे मांडताना संकोच का वाटावा?

ज्याने बोलावले, त्याने वसवले

ही अपेक्षा युरोपकडून उसनी घेतलेली नाही. तिचा सर्वांत ठसठशीत पुरावा भंडाऱ्याच्या मातीतच आहे. या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि नवेगाव बांधसारखे मोठे जलाशय तिकडे गेले. तरी उरलेल्या जिल्ह्यातही गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. हे तलाव बांधले प्रामुख्याने कोहळी समाजाने. हा समाज मूळचा येथला नव्हे. परंपरा सांगते, की चांद्याचा गोंडराजा काशीयात्रेला गेला असता तेथील लोकांचे जलव्यवस्थापनाचे कौशल्य त्याने पाहिले आणि त्यांना आपल्या राज्यात आणले. परंपरेतील तपशिलाविषयी इतिहासकार वाद घालोत. ज्या व्यवस्थेत हे लोक रुजले, ती मात्र वादातीत आहे. जंगल तोडून गाव वसवील त्याला त्या गावाची सनद मिळे आणि तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे. गोंडराजा हीरशहाचे नाव या रीतीशी जोडलेले आहे.

या सनदेचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. राजाने कारागिरांना बोलावले, मजुरी दिली आणि काम संपताच परत धाडले, असे घडले नाही. दूरदेशीच्या माणसाला त्याने या मातीत भागीदारी दिली. तलाव जितका उत्तम, तितकी भिजणारी जमीन अधिक. म्हणजे ज्याच्या हाती कसब होते, त्याचे आणि त्याच्या नातवंडांचे हित त्या गावाच्या हिताशी कायमचे बांधले गेले. नवेगावचा प्रचंड बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी घातला, तो काही कुणाचे कंत्राट उरकायचे म्हणून नव्हे. आज कोहळी समाजाला भंडाऱ्यात परका म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

पोवारांचेही तसेच. माळव्याशी नाते सांगणारा हा समाज वैनगंगेच्या खोऱ्यात रुजला. भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत पोवारांनी केलेल्या सेवेबद्दल त्यांना नदीच्या पश्चिमेकडील पडीक जमिनी मिळाल्याचे जुने वृत्तांत सांगतात. घरी पोवारी बोलावी, बाजारात मराठी बोलावी आणि कुलदैवत जपावे, यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. बाहेरून आलेला समाज आपली ओळख न गमावता येथील हिंदू समाजजीवनात एकरूप होतो, हे या भूमीने शेकडो वर्षे पाहिलेले आहे. ‘बहुसांस्कृतिकता’ हा शब्द विद्यापीठांत अवतरण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. हाताला काम, पायाखाली जमीन आणि देवासाठी जागा, हा पुनर्वसनाचा तीन पदरी नियम येथे कोणी पुस्तकात लिहिला नाही, तो पाळला.

स्वतंत्र भारतानेही हा नियम एके ठिकाणी पाळला. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६० च्या दशकात आयुध निर्माणी उभी राहिली, तेव्हा देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. त्यांच्यासाठी निवासाच्या वसाहती, शाळा, रुग्णालय हे कारखान्याबरोबरच उभे केले गेले. त्या वसाहतीत वाढलेली मुले आज स्वतःला भंडाऱ्याचीच म्हणवतात. सरकारला जेव्हा माणूस टिकावा असे वाटते, तेव्हा त्याला कसे वसवायचे हे सरकारला ठाऊक असते.

साहेबाला परतीचे भाडे, मजुराला गिरमिट

मधला दीडशे वर्षांचा काळ मात्र दुसऱ्याच नीतीचा. इंग्रज राजवटीत वरिष्ठ सेवांतील युरोपीय अधिकाऱ्यांची कुरकुर वाढली, तेव्हा लॉर्ड ली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९२४ च्या त्याच्या अहवालानुसार या अधिकाऱ्यांना सेवाकाळात मायदेशी जाऊन येण्याचे चार वेळचे भाडे मंजूर झाले. पत्नीचेही तितकेच, शिवाय मुलांसाठी वेगळे. हा खर्च भरला कोणी? भंडाऱ्याच्या धानउत्पादकासह या देशातील शेतसारा भरणाऱ्या रयतेने! त्याच साम्राज्याने १८३४ पासून भारतीय मजुरांना गिरमिटावर मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, फिजी येथे नेले. पाच वर्षांचा करार, उसाच्या मळ्यावरील बराकी आणि शाळेचा, देवळाचा पत्ता नाही. साहेबाचे स्थलांतर म्हणजे सन्मान आणि मजुराचे स्थलांतर म्हणजे माल, असा तो हिशेब होता. तरीही मॉरिशसमधील मराठी मजुरांच्या वंशजांनी आपला गणपती टिकवला, इतका की गणेश चतुर्थीला त्या देशात आज सार्वजनिक सुट्टी असते. हे श्रेय मळेवाल्यांचे नाही. ते त्या निरक्षर मानलेल्या मजुरांचे आहे.

जर्मनीचा स्वतःचा अनुभवही या बाबतीत बोलका आहे. महायुद्धानंतर उभारणीसाठी माणसे कमी पडली, म्हणून पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केले. येणाऱ्यांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. मालकाने राहण्याची सोय करायची, इतकी अट होती आणि ती सोय बहुधा एका खोलीत अनेक खाटा अशा वसतिगृहांत झाली. तुर्कस्तानशी झालेल्या मूळ करारात दोन वर्षांनी माणूस परत पाठवण्याची तरतूद होती. ती कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये काढली गेली. १९७३ पर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख माणसे आली, त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. जी राहिली, त्यांना भाषा शिकवावी, समाजात सामावून घ्यावे, हे कुणाला सुचलेच नाही. कारण ते पाहुणे होते आणि पाहुणा जाणारच! सहाशे तासांचे भाषावर्ग असलेला समावेशनाचा अभ्यासक्रम कायद्याने आला, तो २००५ मध्ये. तोवर पहिल्या पाहुण्यांची नातवंडे शाळेत जाऊ लागली होती. जर्मनीतील समांतर वस्त्या आणि दोन्हीकडची कटुता यांवर आज तेथे रकानेच्या रकाने लिहिले जातात. माणसाला चाळीस वर्षे दाराशी उभे ठेवायचे आणि नंतर तो घरातला का झाला नाही म्हणून विचारायचे, यातला दोष केवळ त्या माणसाचा कसा?

जर्मनी यातून शिकली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परदेशी परिचारिकांच्या भरतीसाठी तेथे आता एक सरकारी गुणवत्ता-मुद्रा आहे. ती घेणाऱ्या संस्थेला एक तत्त्व पाळावे लागते : भरतीचा खर्च मालकाचा, परिचारिकेकडून पैसा घ्यायचा नाही. मात्र ही मुद्रा ऐच्छिक आहे. घेतली तर घेतली! म्हणूनच येथल्या शासनाने ती सक्तीची अट म्हणून मागायला हवी. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या ‘नोर्का रूट्स’ या संस्थेमार्फत जर्मन सरकारी यंत्रणेशी परिचारिकांसाठी जो करार केला, त्यात भाषाशिक्षण आणि भरती उमेदवाराला विनामूल्य आहे. केरळच्या डाव्या राज्यकर्त्यांशी या साप्ताहिकाच्या वाचकांचे पटण्याचे कारण नाही आणि तेथील स्वयंसेवकांचे सांडलेले रक्त कोणी विसरलेलेही नाही. तरीही १९९६ पासून अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते चालवणाऱ्या राज्याला मालकाशी घासाघीस कशी करायची ते कळते, हे मान्य करावे लागते. चांगली गोष्ट शत्रूच्या अंगणातूनही उचलावी.

घर मिळाले, कूस गेली

वसण्याचा सर्वांत नाजूक भाग मात्र कोणत्याच कंपनीच्या यादीत नसतो. नॉर्वेतील स्टॅव्हेंजर येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका बंगाली भूगर्भतज्ज्ञाची दोन मुले मे २०११ मध्ये तेथील बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. मुलाला हाताने भरवतात, त्याला आईवडिलांच्या अंथरुणात झोपवतात, असे आक्षेप यंत्रणेने घेतल्याचे पालकांनी सांगितले. यंत्रणेने सांस्कृतिक कारण नाकारले. भारत सरकारला मध्ये पडावे लागले. एप्रिल २०१२ मध्ये मुले काकांकडे भारतात आली आणि आईला ती मिळायला २०१३ उजाडले. साकोली-लाखनीच्या कोणत्याही घरात आजी नातवाला हाताने भात भरवते आणि बाळ आईच्या कुशीत झोपते. तो गुन्ह्याचा पुरावा ठरू शकतो, हे विमानात बसण्यापूर्वी कोणी सांगितले पाहिजे की नाही?

दुसरे प्रकरण खुद्द जर्मनीचे. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये एका गुजराती जैन अभियंत्याची सात महिन्यांची मुलगी बालकल्याण खात्याने नेली. बाळाला झालेली इजा आजीकडून अपघाताने झाली, असे कुटुंबाचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये पोलिसी चौकशी आरोपाविना बंद झाली. तरीही जून २०२३ मध्ये न्यायालयाने आईवडिलांना ताबा नाकारला. त्याच महिन्यात भारतातील १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिले. एरवी ज्यांचे सूर्य पूर्वेला उगवतो यावरही एकमत होत नाही, त्यांचे या बाळाबाबत झाले! शाकाहारी संस्कारांतील मुलीचे परक्या घरी काय होणार, ही आईची चिंता ज्यांना संकुचित वाटते, अशी मंडळी येथेही आहेत. मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न गंभीर आहे आणि कायद्याचा मान राखलाच पाहिजे. पण जो कायदा मूल नेऊ शकतो, त्याची माहिती त्या मुलाच्या आईला तिच्या भाषेत देणे, संकटात दुभाषा आणि वकील देणे, हे ज्याने तिच्या नवऱ्याला कामावर बोलावले त्याचे कर्तव्य नव्हे काय? घर शोधून देणारी संस्था किल्ली हातात ठेवते आणि निघून जाते. ‘या देशात मूल वाढवताना शासनाच्या अपेक्षा काय आहेत’ असे दोन पानी मराठी टिपण दिल्याने कोणतीही कंपनी बुडणार नाही.

येथे राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांकडूनच एक शंका येते. आपल्या कुशल तरुणांना परदेशी पाठवायचेच कशाला? ते येथेच का राबू नयेत? शंका प्रामाणिक आहे. पण भंडारा जिल्ह्यात उद्योगांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे. वरठीचा पोलाद कारखाना, गडेगावचा वाहन कारखाना, जवाहरनगर, तुमसरकडच्या खाणी, झाले. जोवर येथे रोजगार उभा राहत नाही, तोवर मुलाला अडवणे हा उपदेश त्याच्या घरी चूल पेटवणार नाही. तो जाणारच आहे. सनद घेऊन जाणार की दलालाला शेत गहाण टाकून जाणार, एवढाच निर्णय समाजाच्या हाती आहे.

आणि त्यात समाजाचाही वाटा आहे. जर्मनीतील हाम येथे श्रीलंकेतून परागंदा झालेल्या तमिळ हिंदूंनी कामाक्षी अम्मनचे भव्य गोपुर असलेले मंदिर बांधले आणि २००२ मध्ये त्याचा कुंभाभिषेक झाला. युद्धाने हाकललेल्या, हाती काही नसलेल्या माणसांनी हे केले. युरोपात हिंदू स्वयंसेवक संघाचे काम आहे, महाराष्ट्र मंडळे आहेत. तुमसरहून निघालेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात फोन करणारे एक मराठी घर तेथे असावे, ही व्यवस्था शासननिर्णयाने होत नाही. ती येथल्या नगर कार्यवाहाने तेथल्या स्वयंसेवकाला नाव-पत्ता कळवल्याने होते. देवघर कोठे मांडावे येथपासून अंत्यसंस्काराला परवानगी कोठे मिळते येथपर्यंतचे ज्ञान अशा घरांतच असते.

शेवटचा मुद्दा अडचणीचा आहे, पण टाळता येणार नाही. जर्मन मालकाला जे मागायचे, ते देशी मालकाला मागण्याची हिंमत आहे काय? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदाराने मजुराला विस्थापन भत्ता द्यावा, असे कलम होते : मासिक वेतनाच्या निम्मा किंवा पंचाहत्तर रुपये, यांत जे अधिक असेल ते. प्रवासभत्ता निराळा, निवास आणि औषधोपचार निराळा. कायदा बहुतांशी कागदावरच राहिला, हे खरे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता मात्र गळाला. या संहितेतील अनेक तरतुदींना भारतीय मजदूर संघाने उघड विरोध नोंदवला होता. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून त्याने मौन पाळले नाही. वर्ध्याच्या आर्वीत जन्मलेल्या दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये ज्या संघटनेचा पाया घातला, तिच्याकडून हीच अपेक्षा होती. उद्योग हे एक कुटुंब आहे असे ठेंगडी मांडत. कुटुंबात आलेल्याला अंथरूण कोण देणार, असा वाद कुटुंबात होत नसतो. २०२० च्या टाळेबंदीत साकोली-देवरीमार्गे छत्तीसगडकडे पायी निघालेल्या मजुरांचे तांडे भंडाऱ्याने पाहिले आहेत. त्यांना महामार्गावर भात-वरण वाढणारे हात येथलेच होते. ज्यांनी त्यांना कामावर नेले होते, त्यांतले किती त्या रस्त्यावर दिसले?

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. बाडेन-वुर्टेम्बर्गबरोबरच्या करारान्वये भंडारा जिल्ह्यातून किती जणांनी नाव नोंदवले, किती जणांचे भाषाशिक्षण पूर्ण झाले आणि किती जण प्रत्यक्ष गेले, याचा हिशेब जिल्हाधिकारी कार्यालयाने जाहीर करावा. भरतीचा सर्व खर्च मालकाचा, पहिल्या सहा महिन्यांच्या घराची हमी मालकाची, कुटुंब नेण्याची मुदत लेखी आणि नोकरी मोडल्यास परतीचे भाडे मालकाचे, ही कलमे प्रत्येक नियुक्तिपत्रात असावीत. ते नियुक्तिपत्र मराठीत भाषांतरित होऊन उमेदवाराच्या आईवडिलांसमोर वाचले जावे. विस्थापन भत्त्याचे कलम राज्याने आपल्या नियमांत परत आणावे. भंडाऱ्याच्या खासदारांनी आणि तिन्ही आमदारांनी यांपैकी कोणती मागणी कोणत्या सभागृहात मांडली, हे पुढील अधिवेशनानंतर कार्यकर्त्यांनी त्यांना भेटून विचारावे.